घरची ओळ आणि बाजारची ओळ

काल मला झोप लागली नाही. वसंतकाकांच्या पंच्याहत्तरीला निघणाऱ्या पुस्तकात जे लिहिणार आहे, ते गावी धाकट्या भावाला फोनवर आधीच सांगून बसले. तो म्हणाला, “लिही की. मग दिवाळीला माहेरी येऊ नकोस.” मी सातवी शिकलेली. चुकलं तर सांभाळून घ्या.

काकांना इथे अमेरिकेतल्या कॅरी गावातले तुम्ही सगळे ओळखता. जन्मभर त्यांनी बियाण्यांचं काम केलं. आता रिटायर झालेत, तर दर शनिवारी आपल्या माणसांना व्हॅनमधे घालून शेतं दाखवतात. आमची पहिली ओळख झाली ती आमच्या ह्यांनी त्यांना जेवायला बोलावलं तेव्हा. काकांनी पालकाच्या भाजीचा घास घेतला आणि थांबले.

“पोरी, पालक कशानं धुतलास?”

“भांड्याच्या साबणानं. तीनदा.”

“तरीच म्हटलं, आतून स्वच्छ वाटतंय.”

ह्यांनी कपाळाला हात लावला. काकांनी मात्र ताटातली भाजी संपवली. मग हळूच विचारलं, “लेकीला काय घालतेस?”

माझी चिऊ तेव्हा चौदा महिन्यांची. नुसत्या वरणभातावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रक्त कमी आहे, भाज्या द्या. मी मान हलवायची, भाजी आणायची, आणि चिऊच्या तोंडाशी नेली की परत ताटात ठेवायची. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या शनिवारी काकांनी आम्हाला बिल नावाच्या शेतकऱ्याकडे नेलं. ठिबक दाखवलं, यंत्रं दाखवली. काका लहान पोरासारखे पुढं पळत होते. मी एवढंच विचारलं, “काका, ह्याची घरची ओळ कुठली?”

“म्हणजे?”

“घरी खायची, न फवारलेली. माहेरी आमच्या बांधाला दोन ओळी घरच्या असतात. बाकी सगळ्या बाजारच्या. आज फवारलं की उद्या गाडीत.”

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. काका बिलकडे वळले. त्यांनी बिलला विचारलं. त्याला प्रश्नच कळेना. तीनदा सांगितल्यावर त्यानं पायाजवळच्या ओळीतलं पान तोडून तोंडात टाकलं.

“अगंबाई, न धुता!” मागून एक काकू म्हणाल्या.

“साबण हिच्याकडे आहे,” काका म्हणाले.

मग बिलनं खिशातून वही काढली. कुठल्या दिवशी काय फवारलं, त्यानंतर किती दिवस तोडायचं नाही, सगळं लिहिलेलं. काका म्हणाले, “नवी शेती म्हणजे नुसता ट्रॅक्टर नव्हे गं. ही वही, आणि थांबायचा धीर.”

चिऊनं त्या आठवड्यात पालक खाल्ला. निम्मा केसांना लावला. त्यानंतर दर गुरुवारी काकांचा फोन यायचा, “आज आपण काय खाल्लं?” आपण म्हणजे चिऊ.

काकांनी स्वतःचं परदेशी फोनचं कॉलिंग कार्ड वापरून माझ्या भावालाही फोन केला, टपालानं एक कोरी वही पाठवली. तिच्यात आता माझे भाचे मोटारी काढतात. भाऊ काकांना म्हणाला, “गिऱ्हाईक मला दिसतंय का कधी? गाडी येती, माल जातो.”

तो वाईट नाही हो. दारी आलेल्या कुणालाही घरच्या ओळीतलीच भाजी देतो. बाजारचं खाणारं माणूस त्याच्या दारी कधी आलंच नाही, एवढंच.

काकांचे हातपाय असेच धड राहोत, आणि त्यांनी अजून पंचवीस वर्षं ती व्हॅन चालवावी. फक्त जरा हळू.

आणि वाचणाऱ्यांनो, एक काम करा. भावाचा नंबर काकांच्या डायरीत आहे. आपली रात्रीची जेवणं झाली की लावा, तिकडे सकाळ असते, तो शेतातच असतो. भांडू नका. पीक कसं आहे विचारा. मग सांगा, बाजारच्या ओळीतलं खाणारी माणसं आम्ही. आणि जमलं तर एवढं म्हणा, दिवाळीला ताईला येऊ दे.