गोठ्यातल्या खुंटीवरचा पाय

महायुद्ध संपलं त्या साली मी औंढ्याच्या नागनाथाच्या दर्शनाला गेलो, तेव्हा देवाकडे मागण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. देवाचा रागही आला नव्हता. राग यायला थोडी तरी आशा लागते. पुण्याच्या लष्करी दवाखान्याला 'आता परत येत नाही' असं एक पत्र लिहायचं आणि उरलेलं आयुष्य पेडगावच्या घरी बसून काढायचं, इतकं ठरलं होतं. पत्र टाकण्याआधी एकदा नागनाथाचं दर्शन घे, असं आईनं म्हटलं, म्हणून गेलो.

इटलीत एका नाल्यापाशी सुरुंगावर माझा डावा पाय पडला. गुडघ्याखाली चार बोटं जागा ठेवून डॉक्टरांनी तो कापला. पुण्यात मला लाकडी पाय मिळाला. त्याच्या वरच्या टोकाला चामड्याची वाटी होती, तीत उरलेला पाय बसवायचा आणि मांडीला पट्टे आवळायचे. दोन दांड्यांच्या मध्ये धरून धरून चालायला तिथे शिकवलं. पहिल्या दिवशी सहा पावलं टाकली आणि घामानं सदरा भिजला. चार महिन्यांनी मी काठीशिवाय आवाराला फेरी मारू लागलो. पाय बनवायच्या तिथल्याच कारखान्यात मला सुताराचं काम मिळणार होतं. तीन महिन्यांची रजा संपवून परत यायचं, डॉक्टरांसमोर चालून दाखवायचं, एवढीच अट होती. निघताना आमच्या पंजाबी हवालदारानं बजावलं, "रोज घाल. तू त्याला विसरलास तर तो तुला विसरेल."

घरी आलो त्या दिवशीच आईनं पाय हातात न घेता विचारलं, "हे कशाचं हाय रे?"

"लाकडाचा आहे, वर चामडं."

चामडं म्हटल्यावर प्रश्न मिटला. आमच्या घरात जोडा उंबऱ्याच्या आत येत नसे, पाणी काढायची चामड्याची मोट विहिरीवर राहत असे, आणि देवघर तर स्वयंपाकघराला लागूनच होतं. आईनं माझ्या भावाला सांगून पाय गोठ्यात खुंटीवर टांगून घेतला. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी त्याच घरात वाढलो होतो. घरात मी बसल्या बसल्या सरकायचो आणि बाहेर जायचं झालं तरच गोठ्यात जाऊन पाय घालायचो. पावसात ते जाणं कमी झालं. वाटी आधी ओलीनं फुगली, मग उन्हानं लाकडासारखी कडक झाली. घालायला गेलो की कड रुतायची. गुडघ्याखाली जखम झाली, ती भरेना. मग बाहेर कुबड्यांवर जाऊ लागलो. दवाखान्यातली सगळी मेहनत वाया गेली असं मी धरून चाललो, आणि हे देवाच्याच मनात असावं असं समजू लागलो.

औंढ्याला आम्ही बैलगाडीनं गेलो. आई, मोठा भाऊ आणि मी. देवाला दाखवायचा म्हणून आईनं लाकडी पायही पोत्यात गुंडाळून गाडीत ठेवायला लावला होता. दादा वाटेत म्हणाला, "माय, सगळे देवाला पाय धुवून जातेत. आपण पोत्यात घालून न्यायलाव." आई हसली नाही. मी मात्र कित्येक दिवसांनी हसलो.

देवळाच्या दाराशी आल्यावर आईच्या ध्यानात आलं की चामडं आत नेता येणार नाही. दाराबाहेर लिंबाखाली एक म्हातारा चांभार जोडे शिवत बसला होता. येणाऱ्यांचे जोडेही तोच सांभाळायचा. दादानं पोतं त्याच्यापुढे ठेवलं. मी कुबड्यांवर आत गेलो.

नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद तोंडातून, उंच उंच पायऱ्यांवरून उतरावं लागतं. दादा मला पाठीवर घेणार होता, पण तिथे दोघे मावत नाहीत. मी कुबड्या वर ठेवल्या आणि बसून, हातांवर भार देत उतरलो. माझ्या पुढचा धडधाकट माणूसही बसूनच उतरत होता. खाली छत इतकं ठेंगणं की कुणालाच ताठ उभं राहता येईना. समईच्या उजेडात सगळे वाकलेले, गुडघ्यांवर आलेले. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा मी इतरांसारखाच एक होतो. पिंडीवर डोकं टेकलं. मागायचं काही सुचलं नाही. "मला आता समजत नाही," एवढंच मनात म्हणालो आणि वर आलो.

बाहेर पोतं रिकामं होतं. दादा ओरडला, "पाय कुठाय?"

"ओरडू नका मालक, हितंच हाय," चांभार म्हणाला. पाय त्याच्या मांडीवर होता. वाटीच्या कडेची शिवण त्यानं उसवली होती आणि चामड्यात बोटांनी तेल जिरवत होता.

"कुणाला इचारून हात लावला?"

"कुणाला इचारू? तुमी समदे खाली गेलाव." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "जखम झाली आसंल. कड वाळून पात्यावानी झाली. कुठं ठिवताव ह्याला?"

मी गोठा म्हणून सांगितलं.

"मोटंला तेल देताव का न्हाई?"

"दर साली," दादा म्हणाला.

"मंग लेकराच्या पायाला काहून न्हाई? मला बाहीर ठिवलं तर मी माझी भाकर करून खातो. ह्याला तेल कोण देणार?"

 त्यानं कडेला मऊ कातडं शिवून दिलं, आणि जखम भरेपर्यंत घालू नका म्हणाला. आम्ही धर्मशाळेत राहिलो. सहाव्या दिवशी मी लिंबाखाली उभा राहून पाय घातला. कड रुतली नाही. झाडाभोवती एक फेरी झाली. दादानं त्या म्हाताऱ्याला हात जोडले आणि म्हणाला, "बाबा, नागनाथच भेटला तुमच्या रूपानं."

म्हातारा हसला. "नागनाथ आसतो तर आत नसतो का बसलो?"

 गाडीत बसताना आईनं पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. घरी पोचल्यावर ती तो घेऊन थेट उंबरा ओलांडून आत गेली आणि माझ्या अंथरुणाशी ठेवला. कुणाला काही विचारलं नाही. रोज संध्याकाळी तीच त्याला तेल लावायची.

रजा संपली तेव्हा मी डॉक्टरांसमोर चाललो. त्या कारखान्यात आता मी काम करतो. त्या सहा दिवसांत माझ्यावर कृपा झाली, हे मी मानतो. ती कशी झाली, कुणी केली, याचा हिशेब मी मांडत नाही. शरण जाणं म्हणजे हात टेकणं, असं मला आधी वाटायचं. माझं समजणं संपलं तेव्हाच दुसऱ्याचा हात माझ्या दुखण्यापर्यंत पोचला, एवढं मात्र मला ठाऊक आहे. खेड्यापाड्यांतले जवान नवा पाय घेऊन घरी निघतात, तेव्हा पट्टे तपासून झाले की मी प्रत्येकाला विचारतो, "घरी कुठं ठेवणार?"