काविळीचे तीन रविवार

रामलिंग दाजी शनिवारी दुपारी आमच्याकडे लातूरला आले. दार माझ्या बायकोने, निलावतीने उघडले. त्यांना पाहून ती पाणी आणायला वळली आणि तशीच थांबली.

"दाजी, उद्या ऐतवार हाय की!"

"हाव," दाजी म्हणाले आणि चपला काढून आत आले.

तिला एवढे नवल कशाचे वाटले ते आधी सांगतो. मला नीट क्रमाने सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

रामलिंग दाजी हे माझ्या थोरल्या बहिणीचे, केवळाअक्काचे यजमान. निलंग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीजवळ त्यांचे गाव. चार एकर कोरडवाहू. झाडपाल्याची माहिती त्यांना पुष्कळ आहे, पण नाव झाले ते काविळीच्या औषधाने. रोग्याने रविवारी सकाळी काही न खाता यायचे. दाजी कसलासा पाला वाटून ताकातून देणार. असे लागोपाठ तीन रविवार, आणि तोवर तेल, तिखट, हळद बंद. पैसे घ्यायचे नाहीत. बरे झाल्यावर कोणी नारळ आणला तर तेवढा घ्यायचा. पाला कशाचा, हे त्यांनी अक्कालाही सांगितले नव्हते. नाव सांगितले की गुण जातो, असे त्यांचे वडील त्यांना सांगून गेलेले.

त्यामुळे चव्वेचाळीस वर्षे दाजींचा एकही रविवार गावाबाहेर गेला नाही. नातलगांची किती लग्ने त्यांच्याविना झाली. सहा वर्षांपूर्वी अक्का शनिवारी संध्याकाळी गेली. रविवारी सकाळी आम्ही पोचलो, तर अंगणात एका बाजूला आमची माणसे बसलेली आणि दुसऱ्या बाजूला औषधाची. दाजींनी आधी त्या नऊ जणांना औषध दिले, हात धुतले, आणि मग अक्काला उचलू दिले. मला फार राग आला होता. मी काही बोललो नाही. मी सहसा बोलत नाही.

असा माणूस शनिवारी दुपारी हातात पिशवी घेऊन आमच्या दारात आला होता. पंचाहत्तरी ओलांडलेली. भादव्यातल्या उकाड्यात एसटीने आलेला, सदरा पाठीला चिकटलेला. चहा घेतला आणि खाटेवर आडवे झाले. डोळे मिटलेले होते, पण झोप नव्हती, हे मला कळत होते.

"काही झालंय का हो?" निलावतीने स्वयंपाकघरात मला विचारले.

"विचारतो," मी म्हणालो. विचारले मात्र नाही. दूध आणायला म्हणून बाहेर पडलो.

दुधाच्या दुकानाशेजारी रियाजचे गादीघर आहे. तो दारात बसून उशीला टाके घालत होता. मी जाता जाता त्याला म्हणालो, "आमचे दाजी आलेत." बारा वर्षांपूर्वी त्याच्या आईला, बेगमबीला, मीच दाजींकडे नेले होते आणि ती बरी झाली होती. तेव्हापासून गल्लीत माझी ओळख म्हणजे काविळीवाल्या दाजींचा मेव्हणा. जिल्हा परिषदेत तेहतीस वर्षे कारकुनी केली, पण मिरवायला माझ्याकडे दुसरे काही नाही. रियाजने सुई थांबवली. "खरंच? किती दिवस हायेत?" मी म्हणालो, आहेत एक-दोन दिवस.

संध्याकाळी दाजी आणि मी ओट्यावर बसलो. ते रस्त्याकडे बघत होते.

"मन्मथ, मुरुडचं एक पोरगं होतं," ते म्हणाले. "रविकिरण नाव. बावीस वर्साचं. आयटीआय झालेलं. पयल्या ऐतवारी आपल्या पायानं आलं, हसत बोलत. म्हणलं, बाबा, तिखट सोडायचं म्हंजे जीव द्यायचाच की. मी औषध दिलं. बेस्तरवारी बापाचा फोन आला. पोरगं लई झोपून राहिलंय, बोलायला लागलं की भलतंच बोलतंय, लातूरला दवाखान्यात नेऊ का?"

"मग?"

"मी म्हणलो, मधी सोडू नका. तीन ऐतवार पुरे करा." दाजींनी पंच्याने मान पुसली. "दुसऱ्या ऐतवारी जीपमधी आडवं घालून आणलं. तिसरा ऐतवार त्याला आलाच न्हाई."



"तिसऱ्या ऐतवारी बाप आला. एकटा. अंगणात लोक बसलेले. मला वाटलं, आता ह्यो धरतंय माझी गचांडी. तर नारळ घेऊन आलता. म्हणला, तुमच्या औषधाला नाव ठेवायला जागा न्हाई बाबा, आमचंच नशीब फुटकं. त्यानं मला शिव्या द्यायला पाहिजे होत्या, मन्मथ."

"तुम्ही काय केलंत?"

"घेतला की नारळ. सवयीनं हात म्होरं झाला."

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवले. "गावात समदे म्हणतेत, तुमचं काय चुकलं न्हाई. तू हापिसात काम केलेला माणूस. तू सांग. माझं चुकलं का?"

त्यासाठीच ते आले होते. उत्तर माझ्याजवळ होते. पण त्यांच्या थकलेल्या तोंडाकडे पाहून मी म्हणालो, "नाही दाजी. तुमचा हेतू तर चांगलाच होता."

 ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "चल, जेवू."

रविवारी आमच्याकडे नळाची पाळी होती. दहा दिवसांनी पाणी येते, त्यामुळे त्या सकाळी घरात कोणाला उसंत नसते. दाजीही उठून बादल्या उचलू लागले. निलावती म्हणाली, "दाजी, तुम्ही बसा हो, कंबर धरंल." ते म्हणाले, "बसून काय करू?" दोन पिंपे भरली तरी ते थांबेनात. अधूनमधून दाराकडे बघत. तिकडे गावात त्यांच्या अंगणात आता माणसे जमली असतील, हे आम्हा तिघांच्याही डोक्यात होते.

आठच्या सुमारास दारात स्कूटर थांबली. रियाज होता. मागे त्याची मुलगी सुमय्या, सतरा वर्षांची, बापाच्या पाठीवर डोके टेकून बसलेली. हँडलला किटली लटकत होती.

"सलाम, बाबा," रियाज दाजींना म्हणाला. "पोरीला कावीळ झालीय. उपाशीपोटीच आणलं. ताक पण आणलंय घरून, म्हशीचं."

दाजींनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

त्यांनी सुमय्याला खाटेवर बसवले. डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. नखे पाहिली. पिवळेपणा मलाही दिसत होता. मग दाजींनी विचारले, "बाळ, आज वार कोणता?"

सुमय्या विचार करू लागली. बराच वेळ गेला. "जुम्मा," ती म्हणाली आणि डोळे मिटून भिंतीला टेकली.

"रातभर झोपलीच न्हाई, म्हणून गुंगी हाय," रियाज घाईने म्हणाला. "आणि दिवसभर झोपून राहती."

"किती दिवस झालं?"

"आठ. आधी ताप होता. दुकानातून गोळ्या आणून दिल्या."

दाजी उठले. "हिला दवाखान्यात ने. आत्ताच्या आत्ता."

रियाज हसला. "थट्टा करता का बाबा? अम्मीला तुम्हीच तर उठवलं."

"औषध आणलं न्हाई मी."

"मग जाऊन आणतो की! पाल्याचं नाव नका सांगू, नुसती दिशा सांगा. कुठल्या ओढ्याला हाय, कुठल्या बांधाला हाय. मी स्कूटरवर दोन तासात येतो."

"औषध असतं तरी दिलं नसतं. लेका, नीट ऐक. दवाखान्यात ने."

"बाबा, घाई न्हाई आमाला. तीन ऐतवार थांबायची तयारी हाय."

"तीन ऐतवार न्हाईत तिच्यापाशी," दाजी एकदम मोठ्याने म्हणाले.

रियाजचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे वळला. "काका, तुम्हीच काल म्हणलाव ना, दाजी आलेत म्हणून? मी काल संध्याकाळीच दवाखान्यात जाणार होतो. कालपासून थांबलो तुमच्या बोलण्यावर."

 मी नुसते 'हो' म्हणालो. खरे तर पुढे काही म्हणायला हवे होते.

दाजींनी चपला घातल्या. "मी बी येतो. मन्मथ, रिक्षा बघ."

सरकारी दवाखान्यात रविवारी फक्त तातडीचा विभाग उघडा असतो. बाकावर जागा नव्हती. सुमय्याला आत नेले आणि आम्ही तिघे भिंतीला टेकून उभे राहिलो. रियाजच्या हातात अजून ती किटली होती. पाऊण तासाने एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. रात्रपाळी करून आलेल्या असाव्यात, डोळे लाल होते.

"सुमय्याचे कोण? झाडपाल्याचं काही दिलंत का तिला?"

"न्हाई मॅडम," रियाज म्हणाला.

"खरं सांगा. मला उपचार ठरवायचेत. आठवड्याला दोन तरी असे पेशंट येतात. पंधरा-पंधरा दिवस कुठला तरी पाला पाजत बसता आणि शेवटी आमच्या दारात आणून टाकता. आणि तो देणारा मजेत घरी बसलेला असतो."

दाजी भिंतीपासून पुढे झाले. टोपी काढून त्यांनी हातात घेतली.

"ह्या पोरीला काही दिलेलं न्हाई, बाई. पण देणारा माणूस मीच हाय."

बाई बघतच राहिल्या. दाजींनी त्यांना मुरुडच्या पोराचे सगळे सांगितले. बेस्तरवारचा फोनही सांगितला, आपण काय म्हणालो तेही. येणारीजाणारी माणसे मध्ये घुसत होती, एका स्ट्रेचरला वाट द्यायला दाजी बाजूला झाले आणि परत येऊन राहिलेले सांगू लागले.

"त्याला बेस्तरवारी आणलं असतं तर?" शेवटी त्यांनी विचारले.

बाईंचा आवाज खाली आला. "खात्रीनं नाही सांगता येणार, बाबा. पण संधी होती."

"म्हंजे माझं चुकलं."

"हो," बाई म्हणाल्या. "चुकलं."

दाजींनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर काय होते ते मला नेमके सांगता येत नाही. उन्हातून चालून आलेल्या माणसाला कोणी बसायला सांगावे, तसे काहीसे. इतक्या दिवसांत हा शब्द त्यांना पहिल्यांदा मिळाला होता आणि तो एका अनोळखी पोरीने दिला होता.

"बहुतेकांची कावीळ आपोआप बरी होते," बाई पुढे म्हणाल्या. "पाला घ्या, नका घेऊ. काहींची होत नाही. ती वेळेत ओळखावी लागते."

"कशी वळखायची?"

बाईंना आतून हाक आली होती, तरी त्या थांबल्या. झोप वाढणे, वार किंवा माणूस न ओळखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, पोट फुगणे. गरोदर बाई असेल तर एक दिवसही थांबायचे नाही. आणि रक्त सगळ्यांनीच तपासायचे.

"मन्मथ, लिही," दाजी म्हणाले.

खिशात एसटीच्या ज्येष्ठ नागरिक सवलतीच्या अर्जाची एक प्रत होती. तिच्या पाठीमागे मी लिहिले. उभ्या उभ्या लिहिल्याने अक्षर वाईट आले. दाजींनी कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरून दोनदा वाचला आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

सुमय्याला दाखल करून घेतले. ती अकरा दिवस तिथे होती आणि घरी आली. हे नंतरचे. त्या दुपारी कोणालाच काही माहीत नव्हते. रियाज आमच्याशी बोलत नव्हता. निघताना फक्त एवढेच म्हणाला, "बाबा, ताक घ्या थोडं. सकाळपासून तुम्ही पण उपाशी हाव." दाजींनी ओंजळ पुढे केली. किटली हिंदकळून निम्मे ताक त्यांच्या धोतरावर सांडले.

बाहेर चहाच्या टपरीशी आम्ही बसलो. मी सारा धीर गोळा करून म्हणालो, "दाजी, काल मी खोटं बोललो. चुकलंच होतं तुमचं."

"ठाव हाय," दाजी म्हणाले. "तुझी बहीण असती तर तोंडावर बोलली असती. तू लहानपणापासनं असाच."

मला वाईट वाटले, आणि थोडे बरेही वाटले. सोमवारी सकाळच्या गाडीने ते गेले.

पुढच्या रविवारी संध्याकाळी मी फोन केला. लोक आले होते का, विचारले.

"सोळा जण आलते," दाजी म्हणाले. आवाज दमलेला होता. "म्हणलो, आधी निलंग्याला जाऊन रगत तपासा. कागद दावा, मगच पाला. दोघं गेले."

"आणि बाकीचे?"

"शेजारच्या गावात एक जण हाय. तो रोज देतो, ऐतवार बी पाळत न्हाई. त्याच्याकडं गेले चौदा. एक बाई तोंडावर म्हणली, म्हातारा झालाय, हाताचा गुण गेला ह्याच्या."

"मग आता?"

"आता काय. बसायचं. कुणी आलं तर सांगाया पाहिजे की."

पलीकडे कोंबड्यांना हाकलल्याचा आवाज आला. मला वाटले त्यांनी फोन ठेवला.

"त्या दोघांतल्या एकीला ठेवून घेतलं म्हणं दवाखान्यात," ते म्हणाले. "पोटुशी बाई हाय. वाचती का, ते आज राती कळंल."