काशीरामचा नंबर

आंबेनळी घाटाच्या ज्या वळणावर महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या घटकाभर थांबतात, तिथे काशीरामची टपरी आहे. चहा, भजी आणि मोबाइलची रेंज अशा तीन गोष्टी तिथे मिळतात, त्यातली तिसरी फुकट. वर डोंगरात त्याची वाडी आहे, सत्तावीस घरांची. तिथे रेंजचं नाव नाही. मोबाइल कंपनीची माणसं अधूनमधून येतात, डोंगराकडे बोट करून काहीतरी बोलतात, काशीरामची भजी खातात आणि जातात.

म्हणून वाडीने आपली सोय आपणच करून घेतली होती. कुठल्याही फॉर्मवर मोबाइल नंबर विचारला की काशीरामचा नंबर सांगायचा. गॅसला तो, रेशनला तो, बँकेला तो, पोरांच्या शाळेत तो. ज्या बायांना स्वतःची जन्मतारीख धड सांगता येत नाही, त्यांना काशीरामचे दहा आकडे तोंडपाठ. मेसेज आला की काशीराम वर जाणाऱ्या कुणाजवळ तरी निरोप द्यायचा, नाहीतर संध्याकाळी स्वतः चढून सांगून यायचा. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मराठी सरळ वाचायचा, आकडे पक्के, इंग्रजी मात्र एकेक अक्षर जुळवत. पण कुठला मेसेज बँकेचा आणि कुठला गॅसचा, हे त्याला नुसत्या तोंडावळ्यावरून कळायचं. बारा वर्षांत एक निरोप चुकला नाही, असं तो गिऱ्हाइकांना आपणहून सांगायचा. या एका गोष्टीचा त्याला गर्व होता.

वाडीतल्या मैनाचा भाऊ रामजी तीस वर्षं चेन्नईला बंदरात कामाला. आई-बाप लवकर गेले, तेव्हा त्यानेच मैनाला वाढवलं आणि गोमाजीच्या घरात दिलं. गोमाजी वारला तेव्हा तो दोन दिवस प्रवास करून आला होता. या वर्षी शिमग्याच्या तोंडावर त्याने अंथरूण धरलं आणि डॉक्टरांनी आठ दिवस सांगितले. मैनाला एकदा बघायचंय, एवढंच त्याचं मागणं होतं. मैनाचा मुलगा अनिल मुंबईत कुरियरच्या कामाला आहे. त्याने पदरमोड करून आईचं विमानाचं तिकीट काढलं. एजंटाने प्रवाशाचा मोबाइल नंबर विचारला तेव्हा अनिलच्या तोंडून जो नंबर निघाला तो काशीरामचाच. आईचा नंबर म्हणून त्याने आजवर दुसरा सांगितला नव्हता.

मग त्याने टपरीवर फोन केला. "काका, उद्या-परवा विमानाचा मेसेज येईल. आला की आईला सांगा, निघ म्हनावं. रातच्या एसटीनं आली की सकाळी मी हायच."

मेसेज आला मंगळवारी दुपारी, नेमका शिमग्याची पालखी टपरीच्या दारात नाचत असताना. काशीरामच्या बोटांना गुलाल होता. त्याने शर्टाला हात पुसून फोन पाहिला. विमानाचा नंबर दिसला, बुधवारची तारीख दिसली, दुपारी चारची वेळ दिसली. सगळं अनिलने सांगितल्याबरहुकूम. मधे इंग्रजीची एक ओळ होती. ढोल वाजत होते, खांदा बदलायची पाळी त्याचीच होती, आणि ज्याची वाट बघत होता ते तर आलेलं होतं. पालखीबरोबर तो वाडीत गेला आणि अंगणातूनच म्हणाला, "वैनी, मेसेज आला गो. तिकीट पक्कं हाय. नीघ."

मैना निघाली. भावासाठी नाचणीच्या भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून घेतली होती. दुसऱ्या दिवशी विमानतळावरच्या मुलीने तिकीट पाहून हसतमुखाने सांगितलं की हे विमान काल दुपारीच रद्द झालंय. पुढची जागा गुरुवारी रात्री. अनिल भांडला, हातापाया पडला. मुलगी हसतच राहिली, तिला तसंच शिकवलेलं असणार. रामजी गुरुवारी दुपारी गेला. मंगळवारी दुपारी कळलं असतं तर रात्रीच्या रेल्वेने मैना बुधवारी रात्री चेन्नईत पोचली असती. हा हिशेब अनिलने एकदाच केला, पण तो वाडीतल्या सगळ्यांना पाठ झाला.

अनिलने विमान कंपनीकडे भरपाई मागितली. कायद्यात आहे म्हणे, विमान सुटायला चोवीस तासही उरले नसताना कळवलं किंवा कळवलंच नाही तर पैसे द्यावे लागतात. अनिलपेक्षा काशीराम त्या भरपाईच्या मागे जास्त लागला. पैशाशी त्याला देणंघेणं नव्हतं. कंपनीने भरपाई दिली म्हणजे चूक कंपनीची, असा त्याचा साधा हिशेब होता. मंगळवारचा तो मेसेज त्याच्या फोनमध्ये तसाच होता. तो पुन्हा उघडायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

तक्रारीची उत्तरंही त्याच्याच फोनवर यायला लागली. आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे, असं कंपनी तीनदा म्हणाली. चौथं उत्तर वाडीची आशा सेविका दर्शना हिने टपरीच्या बाकावर बसून त्याला वाचून दाखवलं. विमान रद्द झाल्याची सूचना प्रवाशाने दिलेल्या नंबरवर अठ्ठावीस तास आधी पोचली होती, सबब भरपाई देय नाही. तिकिटाचे पैसे परत केले आहेत. दर्शना वाचून झाल्यावर चहा अर्धा टाकून उठली.

दुसऱ्या दिवशी काशीराम टपरी बंद ठेवून महाडला गेला. यज्ञेश्वर वकील ग्राहकांच्या केसेस बघतात असं त्याने ऐकलं होतं. कचेरीत भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसत होती आणि कागद सगळे तिच्या वर ठेवलेले होते. वकिलांनी उत्तर वाचलं, चष्मा काढला.

"हा नंबर कोणाचा?"

"माजा, साहेब."

"मेसेज आला होता?"

काशीरामने फोन पुढे केला. वकिलांनी तो मेसेज शोधला आणि मराठीत वाचून दाखवला. आपणास कळवण्यास खेद होतो, इथून सुरुवात होती. काशीरामने मान खाली घातली.

"आला नाय असं म्हटलं तर?" त्याने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तो असं काही विचारत होता आणि विचारताना त्याला स्वतःची शरम वाटली.

"पोचल्याची नोंद त्यांच्याकडे आहे," यज्ञेश्वर म्हणाले. "कंपनीने कळवलंय, काशीराम. तुम्ही तुमचा नंबर त्यांच्या नावावर लावू दिलात तेव्हा जबाबदारीही घेतलीत, असंच ग्राहक आयोग म्हणेल. मला वाईट वाटतं, पण यात करण्यासारखं काही नाही." त्यांनी फीही घेतली नाही. ती घेतली असती तर काशीरामला बरं वाटलं असतं.

परतीच्या एसटीत त्याने काय बोलायचं ते जुळवून ठेवलं. चढ चढून मैनाच्या ओट्यावर बसायचं, सांगायचं, आणि ती म्हणेल ते ऐकून घ्यायचं. पण वळणावर उतरला तर मैना त्याच्याच बंद टपरीच्या बाकावर बसलेली. शेजारी दर्शना, आपल्या मोबाइलवर मैनाचं दवाखान्याचं कार्ड काढत होती. रेंज तिथेच, म्हणून सगळ्या बाया त्यासाठी खाली यायच्या.

"वैनी," तो उभ्यानेच म्हणाला, "मेसेज रद्द झाल्याचाच व्हता. मी नीट वाचला नाय. वाचला असता तर रामजीदादा भेटला असता तुला."

"ठावं हाय मला," मैना म्हणाली. "दर्शनानं सांगितलं."

"मोबाइल नंबर?" दर्शनाने खाली मान घालून विचारलं.

मैनाने दहा आकडे सांगितले. एकदाही न अडखळता.

"माजा नको लिवू गो," काशीराम म्हणाला.

"मग कुनाचा लिवू?" दर्शनाने विचारलं.

"राग हाय मला तुमचा, भावोजी," मैना म्हणाली. "लय हाय. मरंपर्यंत जायचा नाय. पन नंबर दुसरा कुठं हाय आमाला?"

काशीरामच्या खिशात फोन वाजला. सहा आकड्यांचा ओटीपी. आकडे समोर दिसत होते, पण तो आधी वरचं इंग्रजी वाचायला लागला, एकेक अक्षर जुळवत, बोट खाली ठेवून. एक ओळ झाली, मग पुन्हा पहिल्यापासून. कार्डाचंच आहे ना, मैनाचंच आहे ना, रद्द तर झालं नाही ना.

"टाइम संपला काका," दर्शना म्हणाली. "परत मागवते. आना इकडं, मी बघते." तिने हात पुढे केला.

"राहू दे," मैना म्हणाली. "त्यांनाच वाचू दे."

फोन पुन्हा वाजला. काशीरामने डोळे पुसले आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.