पायासकट फोटो

कडूबा साळव्यांनी कॉव्हेंट्रीत चौतीस वर्षं बस चालवली, आणि विहाराची सहल निघाली की तिची गाडीही तेच चालवायचे. एडिनबरा झालं, बाथ झालं, केंब्रिज झालं. सगळ्या गावांच्या कोच पार्कची त्यांना खडान्‌खडा माहिती, गाव मात्र एकही पाहिलेलं नाही. ड्रायव्हरनं गाडी सोडायची नसते, हा त्यांचा नियम. मंडळी किल्ले बघून येईपर्यंत हे स्टेअरिंगवर पेपर पसरून फ्लास्कातला चहा पीत बसत.

याचा सगळा भार त्यांच्या पत्नीच्या, द्रौपदीबाईंच्या अल्बमवर पडला होता. दर किल्ल्यापुढे बाई एकट्या उभ्या. एका नव्या पाहुणीनं अल्बम चाळत हळूच विचारलंही होतं, "मिस्टर... नाहीत का?" मिस्टर तेव्हा आतल्या खोलीत घोरत पडले होते. द्रौपदीबाईंच्या ते जिव्हारी लागलं.

म्हणून कडूबा रिटायर झाले आणि जानेवारीतल्या यॉर्कच्या सहलीला दुसरा ड्रायव्हर ठरला, तेव्हा बाईंनी निक्षून सांगितलं, "अहो, आता नो एक्सक्यूज. यॉर्कच्या तटबंदीवर आपल्या दोघांचा एक फोटो. बाकी मला काही नको."

प्रवासी म्हणून कडूबा म्हणजे नुसता उच्छाद. नव्या ड्रायव्हरला त्यांनी पहिल्या राउंडअबाउटवरच तीन सूचना दिल्या, तेव्हा सहलीची व्यवस्था बघणाऱ्या धम्मशीलानं त्यांची रवानगी मागच्या सीटवर केली. यॉर्कला उतरताना तिनं सगळ्यांना बजावलं, "शार्प चार वाजता कोचवर. काका, तुम्हाला तर सांगायलाच नको."

थंडी अशी की बोलायला तोंड उघडलं तर दात वाजावेत. फिरत फिरत दोघं एका जुन्या चर्चपाशी आले. दारातल्या पडवीत एका टेबलाखाली बूट ओळीनं मांडलेले. कडूबांना अगदी भरून आलं.

"बघ द्रौपदी, इथंपण बूट काढूनच आत जातात. आणि आपण उगीच यांना नावं ठेवतो."

जन्मभर विहाराच्या उंबऱ्याशी चपला काढलेला माणूस तो. चौतीस वर्षं रस्त्यावरची एकेक पाटी वाचली, पण टेबलावर चिकटवलेला कागद वाचायचं काही त्यांना सुचलं नाही. मुलानं दिलेले नवेकोरे, आतून लोकर असलेले बूट त्यांनी रांगेत नीट जोडीनं ठेवले. विहारात अदलाबदल होते म्हणून बाईंनी त्यांत निळ्याभोर नाड्या ओवल्या होत्या. बाईंच्या स्वतःच्या बुटाची चेन अडकली. त्या ओशाळून तशाच आत गेल्या.

अर्ध्या तासानं बाहेर येतात तो टेबलाखाली फरशी लख्ख. कागद तेवढा जागेवर होता: बेघरांसाठी हिवाळी बूट, वाटप दुपारी तीन वाजता. चर्चमधल्या म्हाताऱ्या बाई ऐकून हळहळल्या, मग हसू दाबत आत गेल्या आणि उरलीसुरली एक जोडी घेऊन आल्या. जांभळे गमबूट, त्यांवर पिवळी बदकं. मापाला बसले, एवढंच नशीब.

"सरळ कोचमध्ये जाऊन बसू," कडूबा म्हणाले. "या अवतारात फोटो नको. समरमध्ये परत येऊ, प्रॉमिस."

द्रौपदीबाईंनी नुसती मान डोलावली. त्या भांडल्या असत्या तर कडूबांना बरं वाटलं असतं. चार पावलं कोच पार्ककडे टाकून तेच थांबले आणि घड्याळ बघून म्हणाले, "चल तटावर. साडेतीन झालेत."

तटावर चिटपाखरू नव्हतं. कडूबांनी हात लांब करून सेल्फीचे पाच प्रयत्न केले. दरवेळी दोन कपाळं आली, यॉर्क काही आलं नाही. तेवढ्यात खालच्या पायऱ्यांवर स्लीपिंग बॅग गुंडाळून बसलेला एक माणूस दिसला. त्याच्या पायात लोकरीचे बूट होते आणि बुटांना निळ्याभोर नाड्या.

द्रौपदीबाईंनी कडूबांकडे पाहिलं. कडूबा तावातावानं खाली उतरले. त्यांना बघून तो माणूस पाय पुढे करून कौतुकानं म्हणाला, "आजच मिळाले. महिनाभरात पहिल्यांदा बोटं जाग्यावर आहेत असं वाटतंय."

कडूबांनी एकदा त्याच्या बुटांकडे पाहिलं, एकदा आपल्या बदकांकडे. मग ते म्हणाले, "आमचा एक फोटो काढाल का?"

तो लगेच उठला. नव्या बुटांत ऐटीत पायऱ्या चढून वर आला.

"फक्त कमरेपर्यंत," कडूबांनी त्याला बजावलं.

"पायापर्यंत," द्रौपदीबाई म्हणाल्या.

त्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि कुणाचं ऐकायचं ते बरोबर ओळखलं.

कोचवर पोहोचायला चार वाजून नऊ मिनिटं झाली. जन्मात पहिल्यांदा कडूबांना उशीर झाला होता. गाडीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ड्रायव्हरनं जरा जास्तच.

तो फोटो आता कॉव्हेंट्रीच्या घरी पुढच्या खोलीत मोठा करून लावलाय. येणाऱ्याची नजर आधी बदकांवरच जाते आणि तो हसतो. कडूबा पेपरामागे तोंड लपवतात. द्रौपदीबाई मात्र चहाचा कप पुढे करत शांतपणे सांगतात, "बूट काय बघता? माझ्या शेजारी उभे आहेत, ते बघा."