पिंजाऱ्याची खिडकी

सत्तावन्न सालच्या आषाढात, वारा भणाणत असताना मुनवरनं पिंजाऱ्याच्या घरातली खिडकी उघडली. अकलेचं एवढं उघडं प्रदर्शन येडशी गावानं आधी पाहिलं नव्हतं. वाड्यावरच्या आण्णासाहेबांच्या गादीचा नुकता पिंजलेला कापूस स्टेशनच्या वाटेला लागला, बाभळींना बोंडं आली. पोरं ओरडली, "मुनवरभाई, कापसाचं तिकीट काढलं का?"

मुनवर मॅट्रिकपर्यंत गेलेला. कोंदट खोलीत बसू नये, एवढं शाळेतलं त्याच्या ध्यानात राहिलं होतं. त्याच्या चाचांचा, दादामियाँचा हिशेब साधा: वारा आत, तर कापूस बाहेर. उभा जन्म त्यांनी दारंखिडक्या लावूनच पिंजणीच्या धनुष्याची तात वाजवली. नाकाला फडकं, पापण्यांवर कापूस. शेजारी चाची बेगमबी कचरा वेचत बसायची. नवराबायको खोकल्यानंच एकमेकांशी बोलतात, असं गाव म्हणायचं.

आण्णासाहेब तणतणत आले. "दादामियाँ, उडाला किती अन् घरात राहिला किती, आमाला काय ठावं?"

चाचांची तात थांबली. कापूस चोरल्याचा आळ त्यांच्यावर कधी आला नव्हता. "बसा मालक. तुमच्या डोळ्यांम्होरं पिंजतो."

उडालेल्याची भर करायला त्यांनी घरातल्या सगळ्या उशा उसवल्या. मुनवरनं शरमेनं बब्रुवान सुताराचे चार खिळे उसने आणून खिडकी ठोकून टाकली.

आण्णासाहेब दोन दिवस राखणीला बसले. डोळे लाल, अंगात कणकण, सारखा खोकला. जिल्ह्यात फ्लूची साथ होती. पण त्या खोलीत खोकणाऱ्याकडं बघतंय कोण? चाची उलट हसली, "मालक, दोन दिसांत पिंजारी झालात की!" अन् नाकावरचा पदर सारून त्यांच्या हातात चहाची बशी दिली.

गादी भरून वाड्यावर गेली. आण्णासाहेब बरे झाले. इकडं मुनवर पडला, मग चाची पडली. मुनवर उठला. चाचीला श्वास पुरेना. घरात उशी नव्हती, म्हणून चाचा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

उस्मानाबादहून आलेल्या डॉक्टरनं दारातच नाकाला रुमाल लावला. "इथं हवा येते कुठून? एकाचा खोकला साऱ्यांनी वाटून घेतलाय."

मुनवर खाली बघत राहिला.

कब्रस्तानातून आल्यावर चाचांनी पकडीनं खिळे उपटले. वारा आत शिरला. उडण्यासारखं घरात काही उरलं नव्हतं.

"बब्रुवानचे हायेत. सरळ करून दे त्याचे त्याला."

दगडावर ठोकताना तीन सरळ झाले, चौथा मोडला. बब्रुवान अजून दुकानातून हाळी देतो, "काय मुनवरभाई, खिळे पचले व्हय?"

"आणतो काका," म्हणत मुनवर पुढं सरकतो. खिळे खिशातच असतात.