ओट्यावरचं जेवण

पिंप्राळ्यात आमच्या शेजारच्या खोलीत पिंपळनेरकडची एक अक्का भाड्याने राहायची. तिच्या दाराला दिवसा कधी कडी लागली नाही. बोलताना वाक्य संपलं की ती हातातला डाव पातेल्याच्या काठावर आपटायची. मग पुढे बोलायची कोणाची छाती होत नसे.

त्या महिन्यात तिची लेक मोठ्या आजारातून उठून माहेरी आली होती. दूध-दही तिला पचत नव्हतं आणि अंगात ताकद तर यायला हवी होती. म्हणून अक्काने म्हशीचा खिमा आणला. दह्याऐवजी टोमॅटो घातला, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं काळं वाटण लावलं आणि वरून उकडलेली चवळी सोडली. वास गल्लीभर गेला.

घरमालक फाटकाशी आले. "अक्का, निदान खिडक्या तरी लावून घ्या. लोक नावं ठेवतात."

"लपाडीसन रांधाले मी काय चोरी करेल शे?" अक्का म्हणाली आणि पातेलंच उचलून बाहेर ओट्यावर घेऊन आली.

"मग महिनाअखेर खोली सोडा."

"सोडसू. पन आज मनी लेक पोटभर जेवी."

तिने लेकीला तिथेच, सगळ्यांसमोर, पाटावर बसवलं. लेकीची मान खाली गेली, तशी अक्का म्हणाली, "वर देख. घास ले."

मी माझ्या दारात उभी होते. अक्काने माझ्याकडे नुसतं पाहिलं, बोलावलं नाही. मी घरातून माझी थाळी आणली आणि मालकांच्या देखत लेकीशेजारी जाऊन बसले.