रेघेच्या वर

पदवीचा कागद शिक्षकांनी दिला, शिकायला पाठवलं आई-बापांनी. पण तो कागद टिकला एका पापडवाल्या मावशींमुळे. सगळ्यात जास्त ऋण कुणाचं असं विचाराल तर मी त्यांचंच नाव घेईन. त्यांना ते आवडणार नाही, म्हणून फक्त मावशी म्हणतो.

"रेघेच्या वर ठेव." मावशींचं दिवसातलं निम्मं बोलणं हेच असायचं. सांगलीत नदीकडच्या त्यांच्या घराच्या भिंतीवर मागच्या मोठ्या पुराचं पाणी जिथवर चढलं होतं, तिथं त्यांनी गेरूनं आडवी रेघ ओढली होती. माझ्या छातीएवढ्या उंचीवर. मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायचो. पहिल्या दिवशी चपला काढल्या तेव्हाही म्हणाल्या, "रेघेच्या वर." मग स्वतःच हसल्या. "चपला ऱ्हाऊ देत खाली."

मृग लागायच्या आधी त्यांची तयारी सुरू व्हायची. घराच्या विम्याचा हप्ता पहिला. मग महिनाभर पुरतील एवढ्या दहा-वीसच्या नोटा. मी म्हणालो, "मावशी, आता सगळं फोनवर होतं."

"लाईट गेली की तुझ्या फोनातला पैसा बी गेला. भाजीवाली काय बंद फोन घेणार हाय व्हय?"

पासबुक, विम्याचा कागद, घराची पावती, सगळं पापडाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जायचं. लोखंड कापायच्या हॅक्सॉच्या पात्यावर पिशवीचं तोंड दुमडून त्या मेणबत्तीवरून एकदाच फिरवायच्या, की प्लास्टिक चिकटायचं. पापड असो की कागद, पिशवी तशीच बंद व्हायची. पिशव्या आढ्याच्या हुकाला टांगल्या जायच्या.

रेघेखाली जे राहणार त्याचे फोटो काढायचं काम माझं. विमा कंपनीला पुरावा नको का? मावशी लग्नातला जांभळा शालू नेसून आल्या आणि फ्रिजशेजारी उभ्या राहिल्या. मग शालूतच पीठ मळायच्या यंत्राशेजारी.

"मावशी, फोटो फ्रिजचा काढायचाय."

"मग काढ की. मी काय त्याच्या आड येतीया?"

आता माझी चूक सांगतो. मी पूर्वेकडच्या कोरड्या भागातला, मेंढरांमागं चाललेल्या घरातला. आमच्याकडं पाणी टँकरनं येतं, आणि तेही पाया पडल्यावर. पाणी आपणहून घरात शिरतं हे मला ऐकून माहीत होतं, पटलं नव्हतं. मावशींनी पदवीचा कागद मागितला तेव्हा मी म्हणालो, "साताऱ्याला नोकरीच्या कागदपडताळणीला मूळ प्रत लागणार आहे. हाताशी असू दे." आणि तो कॉटखालच्या ट्रंकेत ठेवला.

श्रावणात मी गावी गेलो आणि नदी वाढली. रस्ते बंद झाले. पडताळणीला दहा दिवस होते. मावशींचा फोन दोन दिवस लागेना. आई म्हणाली, "कागद नवा मिळतो रं." मिळतो, पण दहा दिवसांत नाही.

तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून मावशी बोलल्या. त्या शाळेतल्या छावणीत होत्या.

"तुझी ट्रंक रेघेच्या वर हाय. जेवलास का?"

पाणी ओसरल्यावर गेलो. चिखलाचा वास, आणि जुन्या रेघेच्या वर वीतभर नवा ओला पट्टा. छताजवळच्या फळीवर माझी ट्रंक कोरडी होती. तिथं एकच पेटी मावायची, आणि ती जागा मावशींच्या पेटीची होती. त्यांची पेटी खालच्या कोनाड्यात उतरली होती. कोनाडा जुन्या रेघेच्या वरच होता, पण नव्या पाण्याच्या खाली. तिच्यातला शालू गाळानं भरला होता.

"नुसता कागद काढून घ्यायचा की मावशी. ट्रंकेला कुलूप नव्हतं."

"दुसऱ्याची ट्रंक उघडायची असती व्हय? शेजारच्याला हाक मारली, उचलली." मग शालू झटकत म्हणाल्या, "ह्यो धुतला की झालं. कागद धुता येतोय का? आता तरी दे हिकडं."

मी दिला. त्यांनी मेणबत्ती पेटवली.

साताऱ्याच्या कार्यालयात कारकुनानं पिशवी फाडली, कागद नाकाशी नेला. "हिंगाचा वास कसा काय?" मी म्हणालो, "आमच्या घरचा आहे." नोकरी लागली.

मावशींच्या गुडघ्यांना आता स्टुलावर चढणं जमत नाही. यंदा मृगाच्या आधीच त्यांची लेक, म्हणजे आमच्या ताई, त्यांना मिरजेला घेऊन गेल्या. सांगलीच्या घराला कुलूप आहे. मी मिरजेला हे पत्र पाठवलं:

"मावशींना नमस्कार.
विम्याचा हप्ता भरला. दहा-वीसच्या नोटा डब्यात आहेत. आमचं गावचं घर टेकडीवर आहे, तरी भिंतीवर रेघ ओढली. आई म्हणते, इथं नळाला पाणी येईना आणि ह्याची रेघ बघा. पण काल तिनंच रेशनकार्ड वर ठेवलं.
सोबत तुमचा शालूतला फोटो आहे, फ्रिजशेजारचा. शालू धुऊनही डाग गेले नाहीत असं ताई म्हणाल्या. फोटोत तो नवाच आहे.
फोटोची पिशवी मी स्वतः बंद केली. एक कोपरा जळाला, सांभाळून घ्या. आणि फोटो रेघेच्या वर ठेवा."